कलेक्टरचे पॉड वारंवार बंद पडतात, आलेखात खंड पडतो : समस्या निवारण

लक्षणे

ओपनटेलिमेट्री कलेक्टर हा ॲप्लिकेशनची मेट्रिक (मोजमापे), लॉग (नोंदी) आणि ट्रेस (एकेका विनंतीच्या प्रवासाची नोंद) गोळा करून निरीक्षणाच्या सर्व्हरकडे पाठवतो. कुबरनेटिसमध्ये तो पॉडांत, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या लहान एककांत, चालतो. तो बिघडला की पुढील लक्षणे दिसतात. ॲप्लिकेशन व्यवस्थित चालू असते, वापरणाऱ्यांची तक्रार नसते, आणि तरीही निरीक्षणाच्या पडद्यावर पाच-दहा मिनिटांची कोरी पट्टी दिसते. थोड्या वेळाने रेघ आपोआप पुन्हा सुरू होते. हे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. दुसरे लक्षण असे की, ओपनटेलिमेट्री कलेक्टरच्या पॉडांची यादी काढल्यावर ‘रीस्टार्ट्स’च्या रकान्यातील आकडा काल होता त्यापेक्षा आज मोठा असतो, किंवा स्थितीच्या रकान्यात ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ असे लिहिलेले असते. कधी पॉड एकदाही बंद पडलेला नसतो, परंतु त्याच्या लॉगमध्ये ‘सेंडिंग क्यू इज फुल’ किंवा ‘डेटा रिफ्यूज्ड ड्यू टू हाय मेमरी यूसेज’ अशा ओळींची रांग लागलेली असते. चौथा प्रकार फसवा आहे. सर्व पॉड ‘रनिंग’ आणि ‘रेडी’ असतात, लॉग वरवर पाहता शांत वाटतो, आणि माहिती मात्र एका नोडवरून (क्लस्टरमधील एका सर्व्हरवरून) किंवा कोठूनच येत नाही.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याचा तीन नोडांचा कुबरनेटिस क्लस्टर मी सांभाळतो. यंत्रमागांवरील मोजणीची नोंद, मालाची मागणी आणि निर्यातीची कागदपत्रे ही सारी कामे त्यावर चालतात. प्रत्येक नोडवर डेमनसेटने चालणारा एक कलेक्टर आहे, त्यांच्या मागे डिप्लॉयमेंटने (ठरलेल्या संख्येचे पॉड चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेने) चालणारे, नोडांवरची माहिती एकत्र करणारे दोन गेटवे कलेक्टर आहेत, आणि तेथून मेट्रिक, लॉग व ट्रेस पुण्यातील भाड्याच्या सर्व्हरवर जातात. “सर, आलेख परत तुटलाय बघा,” हा फोन मला इतक्या वेळा आला आहे की तपासणीचा क्रम आता अंगवळणी पडला आहे. हा क्रम फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चिक, जोखमीच्या कामाकडे जातो. पॉडची मेमरी वाढवणे हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो. माझ्या क्रमात तो जवळजवळ शेवटी येतो, कारण मेमरी भरणे हे बहुधा दुसऱ्याच बिघाडाचे लक्षण असते.

आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, म्हणजे रात्री फोनवर कारखान्यातील मुलाला मी जशा सांगतो तशाच. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्या लागतील.

काहीही बदलण्यापूर्वी पुरावा उतरवून घ्या

पहिली आज्ञा ‘क्यूबसीटीएल गेट पॉड्स’ ही असावी; क्यूबसीटीएल म्हणजे कुबरनेटिसला आज्ञा देण्याचे साधन. तिला नेमस्पेसचे (क्लस्टरमधील ज्या कप्प्यात कलेक्टर आहे त्याचे) नाव आणि ‘डॅश ओ वाइड’ जोडावे, म्हणजे कोणता पॉड कोणत्या नोडवर आहे तेही दिसते. बंद पडणारा पॉड दरवेळी एकाच नोडवरचा असेल, तर कलेक्टरच्या मांडणीत शोधत बसण्याऐवजी त्या नोडकडे पाहावे. लगेच ‘क्यूबसीटीएल गेट इव्हेंट्स’ चालवून तिचे उत्तर फाइलमध्ये साठवून ठेवावे. कुबरनेटिस या घटना मूळ मांडणीत एकच तास जपून ठेवतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीतून वाट काढत मी एकदा दोन तासांनी कारखान्यात पोहोचलो, तेव्हा पाहण्यासारखी एकही घटना शिल्लक नव्हती. त्या रात्रीचे कारण मला कधीच कळले नाही. तेव्हापासून घटना उतरवून घेण्याचे काम फोन करणाऱ्यालाच सांगतो.

त्यानंतर ‘क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड’ ही आज्ञा द्यावी आणि उत्तरातील ‘लास्ट स्टेट’ हा भाग वाचावा. तेथे ‘रीझन’ आणि ‘एक्झिट कोड’ अशा दोन ओळी असतात, आणि त्या दोन्ही वाचणे आवश्यक आहे. १३७ हा कोड दिसताच मेमरी संपली असे समजण्याची चूक फार होते. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात प्रक्रिया नवव्या क्रमांकाच्या संकेताने जबरदस्तीने मारली गेली, एवढेच. ‘रीझन’मध्ये ‘ओओएम किल्ड’ लिहिलेले असेल तरच मेमरीची मर्यादा ओलांडली गेली असे म्हणता येते. पॉड जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने विचारणाऱ्या लाइव्हनेस प्रोबला उत्तर मिळाले नाही आणि सवलतीच्या ३० सेकंदांत पॉड स्वतःहून थांबला नाही, तरीही १३७ च दिसतो. कोड १ असेल तर कलेक्टर बहुधा मांडणीची फाइल वाचतानाच बाहेर पडला आहे. ‘इव्हिक्टेड’ असे दिसले, तर नोडवरचीच जागा किंवा मेमरी कमी पडल्यामुळे क्यूबलेटने (प्रत्येक नोडवर पॉड चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या घटकाने) पॉड हुसकावला आहे, आणि अशा वेळी अपराधी दुसराच एखादा पॉड असू शकतो.

लॉग पाहताना ‘क्यूबसीटीएल लॉग्ज’ला ‘डॅश डॅश प्रीव्हियस’ जोडण्यास विसरू नये. ते न जोडल्यास नुकत्याच सुरू झालेल्या कंटेनरचा निरोगी लॉग दिसतो आणि आपण उगीच निश्चिंत होतो. डिप्लॉयमेंटचे नाव देऊन लॉग मागितला, तर अनेक पॉडांपैकी एकाचाच लॉग मिळतो. लेबल देऊन मागितला, तर प्रत्येक पॉडच्या शेवटच्या १० च ओळी मिळतात, म्हणून तेथे ‘डॅश डॅश टेल’ने आकडा वाढवून द्यावा. या बारीक गोष्टींपायी माझे काही तास वाया गेले आहेत.

पलीकडचे टोक जिवंत आहे का, ते पाहा

ही तपासणीही फुकटची आहे, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा उत्तर येथेच सापडते. कलेक्टर म्हणजे मधला हमाल. माल उतरवून घेणारा दारात नसेल, तर हमालाच्या पाठीवर ओझे साठत जाते आणि शेवटी तो बसतो. म्हणून कलेक्टर का बसला असे विचारण्यापूर्वी माल उतरवून घेणारा कोठे होता, हे विचारावे.

लॉगमध्ये एक्स्पोर्टरच्या (कलेक्टरमधून माहिती बाहेर पाठवणाऱ्या भागाच्या) ओळी शोधाव्यात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा ‘डेडलाइन एक्सीडेड’ असे असेल, तर जोडणी तुटलेली, पलीकडचा सर्व्हर बंद किंवा तो फार मंद आहे. प्रमाणपत्राची मुदत संपल्याचा उल्लेख असेल, तर ते नवे करावे. ‘अनऑथेंटिकेटेड’ असेल तर ओळख पटवणारे टोकन बदलले आहे. हा शेवटचा प्रकार वेगळा ओळखता यायला हवा, कारण परवानगी नाकारणे किंवा चुकीची विनंती अशा कायमस्वरूपी चुकांवर कलेक्टर पुन्हा प्रयत्न करत नाही; तो ती माहिती तेथेच टाकून देतो. त्यामुळे मेमरी वाढत नाही, पॉड बंद पडत नाही, आणि आलेख मात्र कोरा राहतो. वर सांगितलेल्या चौथ्या, फसव्या लक्षणामागे पुष्कळदा हेच असते.

आमच्या कारखान्यातील पट्टी आठवड्यातून दोन-तीनदा पडत असे आणि तिची वेळ ठरलेली नसे. मी मेमरी दुप्पट केली, नंतर तिप्पट केली; पट्ट्या कमी रुंद झाल्या, पण गेल्या नाहीत. शेवटी पट्ट्यांच्या वेळा कागदावर लिहून पहारेकऱ्याच्या वहीशेजारी ठेवल्या, तेव्हा लक्षात आले की प्रत्येक पट्टी लाइट गेल्यानंतरची होती. सर्व्हर यूपीएसवर होते, म्हणून क्लस्टर सुखेनैव चालू राहत असे. पुण्याकडे जाणारी जोडणी ज्या स्विचमधून जात होती, तो स्विच मात्र भिंतीवरच्या साध्या बोर्डवर लावलेला होता. लाइट गेली की यंत्रमाग थांबत, परंतु उरलेल्या सेवा चुकांचे लॉग आणि ट्रेस अधिकच जोराने ओतू लागत, आणि बाहेर जाण्याची वाट बंद असे. स्विच यूपीएसवर घेणाऱ्या एका एक्स्टेन्शन बोर्डाने जे काम झाले, ते तिप्पट मेमरीने झाले नव्हते.

म्हणून आधी खंडांच्या वेळा लिहाव्यात आणि त्या इतर वेळापत्रकांशी ताडून पाहाव्यात : वीज, बॅकअप, महिनाअखेरचे हिशेब, प्रमाणपत्राची तारीख, पलीकडच्या सर्व्हरची देखभाल.

आपण लिहिलेली मांडणी खरोखर चालू आहे का

कन्फिगमॅप (मांडणीची फाइल क्लस्टरमध्ये ठेवण्याची जागा) बदलला म्हणजे कलेक्टर बदलला, असे होत नाही. कलेक्टर आपली फाइल सुरू होताना वाचतो. कन्फिगमॅप व्हॉल्यूम म्हणून जोडला असेल तर पॉडमधील फाइल काही वेळाने बदलते, पण चालू प्रक्रियेला त्याची खबर नसते. आणि तो ‘सबपाथ’ने जोडला असेल, तर पॉड नव्याने तयार होईपर्यंत फाइलसुद्धा जुनीच राहते. त्यामुळे असे घडते की, सोमवारी केलेली चूक गुरुवारी पॉड दुसऱ्याच कारणाने नव्याने सुरू झाल्यावर उघडकीस येते, आणि सोमवारी काय केले होते ते कोणालाच आठवत नाही. बदल केल्यावर लगेच ‘क्यूबसीटीएल रोलआउट रीस्टार्ट’ द्यावा आणि ‘रोलआउट स्टेटस’ पूर्ण होईपर्यंत टर्मिनलसमोरून उठू नये. बिघडलेच तर ‘रोलआउट अंडू’ आहे. परंतु तो पॉडचा साचा मागे नेतो, कन्फिगमॅपमधील मजकूर मागे नेत नाही, म्हणून जुनी फाइल स्वतंत्र जपून ठेवावी.

फाइल लावण्यापूर्वी ती तपासण्याची सोय कलेक्टरमध्येच आहे. त्याच्या बायनरीला ‘व्हॅलिडेट’ ही उपआज्ञा देऊन फाइलचे नाव सांगितले की चूक कोठे आहे ते तो सांगतो. ‘कंपोनंट्स’ ही उपआज्ञा त्या वितरणात, म्हणजे कलेक्टरच्या त्या तयार संचात, कोणते भाग आहेत त्याची यादी देते. दुसरी आज्ञा विशेष उपयोगी पडते, कारण मूळ वितरणात थोडेच भाग असतात आणि इंटरनेटवरून उचललेल्या मांडणीतील भाग बहुतेक वेळा काँट्रिब या अधिक भाग असलेल्या मोठ्या वितरणातले असतात.

व्हॅलिडेट जे पकडत नाही ते डोळ्यांनी पाहावे लागते. रिसीव्हर (माहिती आत घेणारा), प्रोसेसर (तिच्यावर मधले काम करणारा) आणि एक्स्पोर्टर यांची व्याख्या वर लिहिली, तरी खालच्या ‘सर्व्हिस’ भागातील पाइपलाइनमध्ये त्यांचे नाव येईपर्यंत ते काहीच करत नाहीत. मेमरी मर्यादेत ठेवणाऱ्या मेमरी लिमिटर या प्रोसेसरची सुंदर व्याख्या लिहून ठेवलेली आणि पाइपलाइनमध्ये त्याचे नाव नाही, असे मी किमान तीन ठिकाणी पाहिले आहे. त्यांपैकी एक ठिकाण माझेच होते. प्रोसेसरचा क्रमसुद्धा पाइपलाइनमधील यादीवरून ठरतो, व्याख्येच्या क्रमावरून नव्हे, आणि मेमरी लिमिटर त्या यादीत पहिलाच असला पाहिजे. तो बॅचच्या (नोंदींचे गठ्ठे बांधणाऱ्या प्रोसेसरच्या) नंतर असेल, तर येणाऱ्याला दारातच थांबवणे त्याला शक्य होत नाही.

ऐकण्याचा पत्ता

आवृत्ती वाढवल्यानंतर लगेच सर्व माहिती थांबली असेल, तर थेट ही तपासणी करावी. २०२४ मधील ०.१०४.० या आवृत्तीपासून कलेक्टरचे रिसीव्हर, पत्ता दिला नसल्यास, सर्व इंटरफेसवर न ऐकता फक्त ‘लोकलहोस्ट’वर ऐकतात. हा बदल सुरक्षिततेसाठी योग्यच होता. परंतु ज्यांनी पत्ता लिहिलाच नव्हता, त्यांच्या क्लस्टरमध्ये कलेक्टर निरोगी दिसत असूनही दुसऱ्या पॉडांना तो सापडेनासा झाला. ओटीएलपी या ओपनटेलिमेट्रीच्या माहिती पाठवण्याच्या पद्धतीसाठी ४३१७ हा जीआरपीसीचा आणि ४३१८ हा एचटीटीपीचा पोर्ट आहे. या दोन्हींसमोर पॉडचा आयपी किंवा चार शून्यांचा पत्ता स्पष्ट लिहावा. १३१३३ वर चालणाऱ्या हेल्थ चेकलाही हाच नियम लागू होतो, आणि तेथे चुकले तर क्यूबलेटचा प्रोब पोहोचत नाही व पॉड ठरावीक अंतराने मारला जातो. मेमरी पुरेशी, लॉग स्वच्छ आणि तरी रीस्टार्ट होत असेल, तर प्रथम येथे पाहावे.

येथे एक सापळा आहे. ‘क्यूबसीटीएल पोर्ट फॉरवर्ड’ वापरून आपल्या लॅपटॉपवरून विनंती पाठवली की ती यशस्वी होते, आणि आपण कलेक्टरला निर्दोष ठरवून नेटवर्कच्या मागे लागतो. वस्तुतः पोर्ट फॉरवर्ड पॉडच्या आत शिरून त्याच्या लोकलहोस्टलाच जोडतो, म्हणून ती चाचणी यशस्वी होणारच. ‘क्यूबसीटीएल डीबग’ने त्याच पॉडमध्ये तात्पुरता कंटेनर घालून केलेली चाचणीही त्याच कारणाने निरुपयोगी आहे. खरी चाचणी दुसऱ्या पॉडमधून करावी : ‘क्यूबसीटीएल रन’ने कर्ल (वेब विनंती पाठवणारी आज्ञा) असलेला एक तात्पुरता पॉड उभा करावा आणि तेथून सेवेच्या (पॉडांकडे जोडणी वळवणाऱ्या कुबरनेटिस ‘सर्व्हिस’च्या) नावाने ४३१८ वरील ट्रेसच्या मार्गाला साधी गेट विनंती पाठवावी. उत्तरात ४०५ आला तर आनंद मानावा. तो चुकीसारखा दिसतो. पण त्याचा अर्थ एवढाच की कलेक्टर भेटला आणि त्याला पोस्ट विनंती हवी होती. काहीच उत्तर आले नाही, तर ‘क्यूबसीटीएल गेट एंडपॉइंट्स’ने सेवेच्या मागे पॉड आहेत का ते पाहावे, आणि मग पॉडांमधील वाहतुकीला परवानगी देणारी वा रोखणारी नेटवर्क पॉलिसी तपासावी.

अधिकृत इमेजमध्ये शेल नसते, हेही येथेच सांगून ठेवतो. ‘क्यूबसीटीएल एक्झेक’ने आत जाऊन शेल उघडण्याचा प्रयत्न फसला, तर तो बिघाड नव्हे.

परवानग्या

माहिती येते, परंतु तिच्यावर पॉडचे वा नेमस्पेसचे नाव नसते, असे असेल तर सर्व्हिस अकाउंटची (कलेक्टर ज्या खात्याने कुबरनेटिसला माहिती विचारतो त्याची) परवानगी पाहावी. ‘क्यूबसीटीएल ऑथ कॅन आय लिस्ट पॉड्स’ या आज्ञेला ‘डॅश डॅश ॲज’ने त्या अकाउंटचे पूर्ण नाव जोडले की ‘येस’ किंवा ‘नो’ असे एका शब्दाचे उत्तर मिळते. याच भागाशी मेमरीचाही संबंध आहे. पॉडची नावे चिकटवणारा प्रोसेसर पॉडांची माहिती स्वतःजवळ साठवून ठेवतो. डेमनसेटमध्ये त्याला आपल्या नोडपुरते पाहण्याची गाळणी लावली नाही, तर प्रत्येक नोडवरचा कलेक्टर संपूर्ण क्लस्टरची यादी बाळगत बसतो. तीन नोडांवर ते जाणवत नाही, तीसवर जाणवते.

आता मेमरी

येथवर काही सापडले नसेल आणि ‘ओओएम किल्ड’ हेच कारण पक्के असेल, तर कलेक्टरच्या पोटात पाहण्याची वेळ आली. त्याची स्वतःची मेट्रिक ८८८८ या पोर्टवर असतात, आणि येथे मात्र पोर्ट फॉरवर्ड वापरणे योग्य आहे. त्यांत तीन गोष्टी शोधाव्यात : एक्स्पोर्टरच्या रांगेची लांबी व तिची क्षमता, पाठवण्यात अपयश आलेल्या नोंदींची संख्या, आणि रिसीव्हरने नाकारलेल्या नोंदींची संख्या. रांग सतत क्षमतेला टेकलेली असेल, तर बाहेर जाण्याची गती कमी आहे आणि आपल्याला पुन्हा पलीकडच्या टोकाकडे जावे लागेल. रांग रिकामी आणि मेमरी तरीही चढत असेल, तर साठा दुसरीकडे होतो आहे.

रांगेचे गणित एकदा कागदावर करून पाहण्यासारखे आहे. पाठवण्याच्या रांगेची मूळ क्षमता १,००० आहे, परंतु ती मोजणी सुट्या नोंदींची नसून गठ्ठ्यांची असते. बॅच प्रोसेसर मूळ मांडणीत ८,१९२ नोंदी जमल्यावर किंवा २०० मिलिसेकंद उलटल्यावर गठ्ठा पुढे पाठवतो. भरपूर वाहतूक असलेल्या ठिकाणी गठ्ठे भरून जातात, म्हणजे पूर्ण रांगेत ८१,९२,००० स्पॅन (ट्रेसमधील एकेका टप्प्याच्या नोंदी) मावतात. एका स्पॅनला अर्धा केबी धरला तरी हे सुमारे ४ जीबी होतात, आणि पॉडची मर्यादा ५१२ एमबी असते. रांग भरण्यापूर्वीच पॉड मरणार, हे उघड आहे. उलट, कमी वाहतूक असलेल्या ठिकाणी २०० मिलिसेकंदांची वेळच आधी संपते, सेकंदाला पाचपर्यंत अर्धेरिकामे गठ्ठे निघतात, आणि जोडणी तुटल्यावर १,००० ची रांग अवघ्या २०० सेकंदांत, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत भरते. तेथे पॉड मरत नाही, पण ‘सेंडिंग क्यू इज फुल’ म्हणत नवी माहिती टाकून देतो. एकाच बिघाडाची दोन लक्षणे का दिसतात, याचे उत्तर बहुतेक वेळा या गणितात असते.

यावरून उपाय ठरतो. जास्त वाहतूक असेल तर रांगेची क्षमता कमी करावी, म्हणजे ती मेमरीत मावेल. कमी वाहतूक असेल तर बॅचची वेळ काही सेकंदांपर्यंत वाढवावी, म्हणजे गठ्ठे भरलेले जातील. पुन्हा प्रयत्न करण्याची मुदत मूळ मांडणीत ३०० सेकंद असते, म्हणजे एखाद्या गठ्ठ्यासाठी पाच मिनिटे धडपडूनही पलीकडून उत्तर आले नाही तर तो गठ्ठा जातोच. आपल्याकडे लाइट पाच मिनिटांत येतेच असे नाही. ती मुदत वाढवायची असेल, तर रांग डिस्कवर ठेवणारे फाइल स्टोरेजचे विस्तार वापरावे. त्यामुळे पॉड नव्याने सुरू झाला तरी रांग टिकते. मात्र त्यासाठी काँट्रिबसारखे वितरण आणि पॉडबरोबर नाहीसे न होणारे व्हॉल्यूम लागते, आणि डिस्क भरण्याचा नवा धोका पत्करावा लागतो.

मेमरी लिमिटरच्या दोन मर्यादा असतात. कंटेनरला ५१२ एमबी दिले आणि मर्यादा ८० टक्के व उसळीची तरतूद २५ टक्के ठेवली, तर वरची मर्यादा सुमारे ४१० आणि खालची सुमारे २८२ एमबी ठरते. खालची ओलांडली की तो नवी माहिती नाकारू लागतो, आणि वरची ओलांडली की मेमरीची सफाई सक्तीने करवतो. तपासणीचे अंतर एक सेकंद ठेवावे. त्याहून मोठ्या अंतरात येणारी उसळ त्याच्या नजरेतून निसटते. लिमिटरने नाकारलेली माहिती पाठवणाऱ्याकडे परत जाते, म्हणून गेटवेवर लिमिटर लावल्यानंतर नोडवरच्या कलेक्टरांची मेमरी वाढली तर आश्चर्य वाटू नये. पाणी खालच्या बंधाऱ्याऐवजी वरच्या बंधाऱ्यात तुंबले आहे. याच्या जोडीला ‘गोमेमलिमिट’ हा, प्रक्रियेला मेमरीची मर्यादा सांगणारा पर्यावरणचल (एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल) कंटेनरच्या मर्यादेच्या सुमारे ८० टक्के ठेवावा. एवढे करूनही रांग रिकामी असताना मेमरी पुरत नसेल, तर ती ‘क्यूबसीटीएल सेट रिसोर्सेस’ने अवश्य वाढवावी. क्लस्टर हेल्म किंवा ऑपरेटर या, मांडणी आपोआप लावणाऱ्या साधनांनी चालवला जात असेल, तर तो आकडा मूळ फाइलमध्येही बदलावा, अन्यथा पुढच्या अद्ययावतीकरणात तो पुसला जातो.

साठा रांगेबाहेर होण्याची दोन कारणे मी पाहिली आहेत. टेल सॅम्पलिंग (ट्रेस पूर्ण झाल्यावर तो ठेवायचा की टाकायचा हे ठरवणे) वापरत असल्यास कलेक्टर प्रत्येक ट्रेसवर निर्णय घेण्यापूर्वी मूळ मांडणीत ३० सेकंद थांबतो आणि तोवर ५०,००० पर्यंत ट्रेस मेमरीत धरून ठेवतो. ५१२ एमबीच्या पॉडकडून ही अपेक्षा करू नये. दुसरे कारण गमतीचे आहे. कोणीतरी तपासासाठी डीबग एक्स्पोर्टर सविस्तर पातळीवर चालू करून विसरलेले असते. तो आपले उत्तर कलेक्टरच्याच लॉगमध्ये लिहितो, नोडवरचा फाइललॉग रिसीव्हर सर्व पॉडांचे लॉग वाचताना तोही लॉग वाचतो, ते वाचलेले पुन्हा लॉगमध्ये लिहिले जाते, आणि साप आपलीच शेपूट गिळू लागतो. फाइललॉगमध्ये कलेक्टरचा स्वतःचा लॉग वगळल्याशिवाय डीबग एक्स्पोर्टर चालू करूच नये.

दोन गेटवे असूनही एकच मरतो

ही तपासणी अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवली. ‘क्यूबसीटीएल टॉप पॉड’ चालवल्यावर एका गेटवेवर सगळा भार आणि दुसरा निवांत असे दिसत असेल, तर दोष जीआरपीसीच्या स्वभावात आहे. त्याची जोडणी एकदा झाली की दीर्घकाळ तीच वापरली जाते, आणि कुबरनेटिसची साधी सेवा फक्त नवी जोडणी होतानाच पॉड निवडते. त्यामुळे आधी सुरू झालेल्या गेटवेकडे सर्वांची जोडणी जाते, तो मेला की सगळे दुसऱ्यावर कोसळतात, आणि पॉडांची संख्या वाढवूनही काही उपयोग होत नाही. रिसीव्हरमध्ये जोडणीचे कमाल आयुष्य ठरवून दिल्यास भार थोडा विभागला जातो. हेडलेस सेवा (जी पाठवणाऱ्याला सर्व पॉडांचे पत्ते थेट देते) आणि पाठवणाऱ्याच्या बाजूने वाटणी हा अधिक पक्का मार्ग आहे. टेल सॅम्पलिंग असल्यास एका ट्रेसचे सर्व स्पॅन एकाच गेटवेकडे जायला हवेत, म्हणून तेथे लोड बॅलन्सिंग एक्स्पोर्टरचा आणखी एक थर लागतो. हा बदल कामकाजाच्या वेळेत करू नये.

कोठे थांबावे

‘क्यूबसीटीएल’च्या आज्ञाच अडखळू लागल्या, नोड ‘नॉट रेडी’ दिसू लागले, किंवा एकाच वेळी कलेक्टरबरोबर इतर सेवाही बंद पडू लागल्या, तर हा कलेक्टरचा प्रश्न राहिलेला नाही. तेथे हात आवरावा आणि क्लस्टर चालवणाऱ्या तज्ज्ञाला बोलवावे. एटसीडी (क्लस्टरची स्थिती साठवणारा डेटाबेस), क्लस्टरची अंतर्गत प्रमाणपत्रे आणि नेटवर्कचा प्लगइन या गोष्टींना अंदाजाने हात लावल्याने अर्ध्या तासाचा बिघाड दोन दिवसांचा होतो. रांग रिकामी, लिमिटर बरोबर, वाहतूक स्थिर आणि तरीही मेमरी दिवसेंदिवस सरळ रेषेत चढत असेल, तर ती कलेक्टरच्या एखाद्या भागातील गळती असू शकते. ती शोधण्यासाठी प्रोफाइल (मेमरी कोठे खर्च होते त्याची नोंद) काढून वाचता यावे लागते, आणि ते येणाऱ्याकडेच द्यावे. स्विच, यूपीएस आणि वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन बोलवावा. चालू बोर्डात आपण प्रयोग करू नयेत. नेमस्पेस पुसून सर्व नव्याने लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो पुरावा उतरवून होईपर्यंत अजिबात मानू नये.

तज्ज्ञाला पाठवण्यासाठी पॉडांची यादी, साठवलेल्या घटना, डिस्क्राइबचे उत्तर, मागील कंटेनरचा लॉग, कन्फिगमॅप, कलेक्टरची आवृत्ती आणि खंडांच्या वेळांचा कागद एवढे पुरते. कन्फिगमॅप पाठवण्यापूर्वी त्यातील टोकन आणि पासवर्ड खोडावेत; ते तेथे असायला नकोत, पण असतात. आणि सर्व पाठवून झाल्यावर, उत्तर येईपर्यंत पॉड पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण ‘डॅश डॅश प्रीव्हियस’ फक्त एकच पाऊल मागे जाते.